चांदबिबीच्या वेढ्यावर कादंबरी लिहितेय, दंतकथेचं काय करू?

शाईदौत

नमस्कार मंडळी, गेली दोन वर्षं एका कादंबरीवर काम करतेय, निम्म्याहून जास्त लिहून झालीये आणि आता एका जागी पार अडकलेय म्हणून इथे विचारतेय.

विषय अहमदनगरच्या किल्ल्याचा १५९५-९६ चा वेढा. बाहेर अकबराचा मुलगा मुराद आणि अब्दुल रहीम खानखानान (हो, दोहेवाले रहीम तेच), आत निजामशाहीचा लहानगा वारस बहादूर ह्याच्या वतीने किल्ला लढवणारी चांदबिबी. हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली, १५८० मध्ये नवऱ्याचा खून झाला, मग दिराचा मुलगा इब्राहिम लहान होता म्हणून तिथला कारभार बघितला, त्यात दरबारातल्या लोकांनी तिला साताऱ्याला कैदेतही टाकलं, आणि एवढं सगळं सोसून पंचेचाळिशीत माहेरी येऊन हे युद्ध तिच्या वाट्याला आलं. मला ही बाई लहानपणापासून सोडत नाही.

माझी नायिका मात्र ती नाही. नायिका गोदी, किल्ल्यावर दगडकाम करणाऱ्या बेलदार कुटुंबातली सून, पूर्ण काल्पनिक. चांदबिबी तिला मोजून चार वेळा दिसते.

आता अडचण. तोफगोळे संपले तेव्हा बिबीने तोफांतून आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी आणि शेवटी दागिने डागले ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीये. मी तो प्रसंग पूर्ण रंगवून लिहिलाय. दोन जणांना वाचायला दिला. एकजण म्हणाला अख्ख्या पुस्तकात हेच प्रकरण सगळ्यात भारी झालंय. दुसऱ्या बाई इतिहास शिकवतात, त्यांनी तिथे वाचन थांबवलं आणि म्हणाल्या की इथे तू माझा विश्वास घालवलास. दोघांचं म्हणणं मला पटतंय आणि त्यामुळेच झोप लागत नाहीये.

दुसरं म्हणजे, प्रत्येक दोन प्रकरणांनी गोदीच्या हातात तलवार येतेय. शौर्य दाखवायचं म्हटलं की माझा हात आपोआप तिकडेच जातो. हे कसं मोडायचं?

---

गडवाट

ताई, नाणी ठेवा! इतिहासाचं पुस्तक नाही लिहिते तुम्ही, कादंबरी लिहिताय. चारशे वर्षं लोकांनी ही गोष्ट सांभाळलीये ती काय उगाच नाही, त्यांना त्या बाईबद्दल जे वाटलं ते त्या गोष्टीत आहे, म्हणजे ती शेवटचा दागिना पण देईल पण किल्ला देणार नाही. ते काढून टाकलं तर उरतं काय, शेवटी मुघलांशी तह झाला आणि त्यांना वऱ्हाड दिलं, एवढंच ना?

---

मोडीवाचक

गडवाट, तह झाला आणि वऱ्हाड गेलं हे "एवढंच" नाही हो. एक शहर वाचवायला अख्खा प्रांत लिहून द्यायचा, तोही आपल्याच सरदारांत चार तट पडलेले असताना, ह्या निर्णयाला लागणारं धैर्य तलवारीपेक्षा कमी नाही. शाईदौत, तहाच्या प्रकरणाला नाण्यांइतकीच जागा द्या असं मी म्हणेन.

आता नाण्यांविषयी. निजामशाहीची जी नाणी आज बघायला मिळतात ती बहुतेक सगळी तांब्याची आहेत. आणि तुमची दंतकथासुद्धा तांब्यापासूनच सुरू होते! ती पहिली पायरी तेवढी हातात धरा. तोफेत गोळ्याऐवजी लोखंडाचे तुकडे, खिळे, दगड भरून जवळून डागणं ही त्या काळात सर्रास चालणारी गोष्ट होती, लांबच्या माऱ्याला ह्याचा काही उपयोग नाही पण खिंडारातून माणसं अंगावर येत असतील तर अशा छर्‍यांसारखं भयानक दुसरं काही नाही. तांब्याच्या पैशांची थैली अशा वेळी कुणी तोफेत कोंबली असेल हे मला अजिबात अशक्य वाटत नाही. चांदी, सोनं, हिरे हे नंतर सांगणाऱ्यांनी चढवलेले थर आहेत. म्हणजे वाचक तुम्हाला नाण्यांसाठी पकडणार नाही, खिंडारापासून अर्धा कोस लांब असलेल्या मुरादच्या तंबूवर मोहरा पडल्या असं लिहिलं तर पकडेल.

---

दगडमाती

मी बांधकामातला माणूस, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो. लढाईतलं मला कळत नाही पण सुरुंगाने पडलेली तटाची भिंत बिबीने एका रात्रीत परत उभी केली हे जे सांगतात त्यावर बोलू शकतो आणि माझ्या मते तुमची खरी कादंबरी तिथेच आहे.

बघा, सुरुंग उडाला की तटाची भिंत नुसती पडत नाही, ती बाहेरच्या बाजूला खंदकात ढासळते. तो सगळा राडारोडा खंदकात साचला की शत्रूला वर चढून यायला आयता उतार तयार होतो. म्हणजे आतल्यांना दोन कामं एकाच वेळी करायची आहेत, आत नवीन आडोसा उभा करायचा आणि बाहेरचा तो उतार जमेल तेवढा मोडायचा, आणि हे कुठे, तर जिथे दिवसभर कापाकापी झालीये तिथे, अंधारात, समोरच्या मोर्चातून बंदुकांचे बार येताना. मशाल लावली तर तुम्ही दिसणार, नाही लावली तर हात सापडणार नाही.

आणि चुना विसरा. बरेच लेखक इथे "चुना कालवला" असं लिहून मोकळे होतात. चुना घाण्यात मळायला वेळ, मुरायला वेळ, धरायला तर दिवसच्या दिवस लागतात. एका रात्रीत उभं राहायचं तर कोरडा दगड, त्यात माती दाबून, लाकडाचे ओंडके आडवे टाकून, पोती, गोण्या, दारं, खाटा, जे मिळेल ते. पडलेल्या भिंतीचेच दगड परत उचलायचे. घडीव दगड असेल तर दोन माणसांना उचलत नाही, त्यासाठी पहार, वासे, जाड दोर लागतात. बायका काय करत असतील? टोपल्या. मातीच्या टोपल्या हातोहात, रांगेने, पहाटेपर्यंत. मी साइटवर बघितलंय, दगडाला नेमका कुठे पाचर घालायचा हे बायकांना मुकादमाच्या आधी दिसतं कारण त्या वर्षानुवर्षं तोच दगड बघत असतात. तुमची गोदी बेलदाराची सून आहे ना मग तिच्या हातात तलवार कशाला हवी, त्या रात्री त्या किल्ल्यात तिच्याइतकं महत्त्वाचं माणूस दुसरं नाही. सरदाराला लढता येतं पण कुठला दगड ओढला की वरचे चार अंगावर येतील हे त्याला कळत नाही, हिला कळतं.

---

शाईदौत

दगडमाती दादा, हे वाचून मी खरंच उठून उभी राहिले. पाचर आणि टोपल्यांची रांग! मी तिला बेलदाराची सून केली ती फक्त तिला किल्ल्यात ठेवायला काहीतरी कारण हवं म्हणून, तिचं कामच तिचं शस्त्र आहे हे दोन वर्षांत मला सुचलं नाही.

---

नगरी_वारा

मी नगरचा. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय पण तोंडात नगरच बसलंय. तुमचा विषय बघून राहवलं नाही.

आमच्याकडे शहराबाहेर डोंगरावर एक तीनमजली अष्टकोनी इमारत आहे, पाथर्डीच्या रस्त्याने कुठूनही दिसते. तिला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात. शाळेची सहल तिथेच. मी तिसरी चौथीत असेन, गुरुजींना विचारलं की बिबी कुठल्या खोलीत झोपायची, तर ते म्हणाले खाली जाऊन बघ. खाली तळघरात गेलो तर कबर. ती सलाबतखानाची, म्हणजे मुर्तझा निजामशहाच्या वजिराची. तो माणूस वेढ्याच्या आधीच गेलेला. महाल नाहीच तो, आणि तिचा तर नाहीच नाही.

मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, फसवल्यासारखं. पण आज असं वाटतं की एका वजिराने स्वतःसाठी एवढी मोठी कबर बांधून घेतली, आणि लोकांनी सरळ ती उचलून बिबीला देऊन टाकली. कुणी हुकूम काढला नाही, कुणी पाटी लावली नाही. एसटीतला कंडक्टरपण चांदबिबी महाल म्हणूनच हाक मारतो. ताई, माझ्या मते दंतकथा खरी की खोटी हा प्रश्नच चुकीचा आहे. ती कुणी कुणाला का दिली ते लिहा.

---

कोजागिरी

एक साधी शंका. महाराष्ट्रातल्या शूर बाईवरच लिहायचंय तर ताराराणी का नाही? राजाराम महाराज गेल्यावर १७०० ते १७०७ औरंगजेबाशी झुंज दिली तिने, आणि पुरावेही ढीगभर. चांदबिबी लोकांना एवढी "आपली" वाटते का?

---

मोडीवाचक

ताराराणीवर लिहावंच कुणीतरी, पण "आपली" म्हणाल तर त्या काळात मालोजी भोसल्यांसारखे मराठे सरदार निजामशाहीच्या चाकरीत होते, गावोगावचे महसुलाचे कागद मराठीत लिहिले जात होते. वेढ्यात अडकलेल्या त्या शहरात मराठी बोलणारी किती घरं असतील विचार करा. गोदी तिथलीच आहे.

---

शाईदौत

मंडळी, रात्रभर बसून एक प्रसंग नव्याने लिहिलाय. सुरुंग उडायच्या आदल्या रात्रीचा. मुघलांनी तटाखाली सुरुंग खणलेत आणि मुघल छावणीतल्याच एकाने ती खबर आत पोचवली, असं त्या काळातला इतिहासकार फरिश्ता सांगतो, त्यावरून काही सुरुंग आतल्यांनी शोधून दारू काढून निकामी केले, एक मात्र उडालाच. जमिनीखाली खणणं चालू असेल तर पाण्याने भरलेल्या भांड्यात तरंग उठतात, ही युक्ती जगभरच्या वेढ्यांत वापरली गेलीये, ती मी गोदीला दिलीये. थोडा तुकडा टाकते, सांभाळून घेऊ नका, स्पष्ट सांगा.

*परात काठोकाठ भरून तिने भिंतीच्या बुडाशी ठेवली आणि दिवा इतका जवळ आणला की वातीचा पिवळा ठिपका पाण्यात पडला. ठिपका हलला की सांगायचं, एवढंच काम. सासरा पलीकडच्या बुरुजाखाली दुसरी परात घेऊन बसला होता. तिने श्वास धरला. श्वासानेही पाणी हलत होतं. मग तिने पदराचं टोक तोंडात धरलं आणि नाकाने, हळू, जशी झोपलेल्या पोराजवळ बसायची तशी बसली. किती वेळ गेला कोण जाणे. ठिपका मधोमध चिरला, परत जुळला, परत चिरला.*

*"हे शूर वीरांनो, शत्रू आपल्या पायाखाली आहे! उठा, शस्त्रे घ्या!" गोदी गरजली.*

---

तिन्हीसांज

परातीचा परिच्छेद वाचताना माझाही श्वास अडकला, खरंच. आणि मग "हे शूर वीरांनो" आलं आणि मी त्या भिंतीच्या बुडापासून एकदम गॅदरिंगच्या स्टेजसमोर येऊन बसले. स्पष्ट सांगा म्हणालात म्हणून सांगतेय.

ती गरजणारच नाही हो. सुरुंग खणणारे दोन हातांवर आहेत, आवाज खाली जाईल हे तिला पहिलं कळेल. ती उठेल, पळत सासऱ्याकडे जाईल आणि त्याच्या खांद्याला हात लावून म्हणेल "हाय. हितंच हाय." बस. आणि सासऱ्याला हात लावणं हीच त्या घरात केवढी मोठी गोष्ट असेल, ते सोसवण्याइतकी ती घाबरलीये हे वाचकाला न सांगता कळेल.

जुनी भाषा म्हणजे जड भाषा असं धरून चालतात लोक. बिबीच्या आसपासची माणसं दख्खनी बोलत असतील, फारसी शब्द येतील, पण बेलदाराच्या घरात नगरकडची साधी बोली ठेवा, फक्त आजचे शब्द गाळा. "मिनिट" नको, "टेन्शन" तर नकोच. घटका, पळ, प्रहर पुरतात.

अजून एक सुचतंय. झाशीच्या वेढ्यात सापडलेले वरसईचे विष्णुभट गोडसे, त्यांच्या "माझा प्रवास" मध्ये राणी काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी भेटते, तहानलेली, धुळीने माखलेली, आणि ओंजळीने पाणी पिते. राणीचे शंभर पुतळे बघितलेत मी, घोडा उधळलेला, तलवार वर. पण डोळ्यासमोर कायम राहिलीये ती ओंजळ. तुमच्या चार भेटींपैकी एकीत बिबीला अशी काहीतरी साधी गोष्ट करताना दाखवा. ती खिंडारात बुरखा घेऊन तलवार हातात घेऊन आली ते सगळ्यांना माहितीये, पण रात्री टोपल्यांच्या रांगेशेजारी उभं राहून तिचे पाय दुखत असतील ना, पंचेचाळिशीची बाई आहे, दिवसभर उभी आहे.

---

गडवाट

भाषेचं पटलं. पण घाबरलेली नायिका कशी चालेल? शौर्य कुठे गेलं मग?

---

तिन्हीसांज

गडवाट, कर्नाटकातल्या चित्रदुर्ग किल्ल्याची ओबव्वा आठवा. हैदरअलीची माणसं खडकाच्या फटीतून एकेक करून आत येत होती, नवरा पहाऱ्यावरून जेवायला घरी आलेला, ती पाणी आणायला गेली आणि तिला ते दिसलं. हातात काय, तर मुसळ. फटीच्या तोंडाशी उभी राहिली आणि डोकं दिसेल तसं घालत गेली. तिला भीती वाटली नसेल असं कशावरून? मला तर वाटतं पहिल्या घावाला तिचा हात थरथरला असेल आणि दुसऱ्या घावाच्या आधी तिने नवऱ्याला हाक मारायचा विचार केला असेल आणि सोडून दिला असेल, कारण हाक मारली तर फटीतले मागच्या मागे पळून सगळ्यांना सांगतील. ह्या एका क्षणावर मी अख्खं प्रकरण वाचेन. भीतीच नसेल तर मला तिच्याबरोबर तिथे उभं राहता येत नाही.

---

दगडमाती

परात वाचली. एक दुरुस्ती, परात जमिनीवर सपाट बसत नाही, डुगडुगते, तिला खाली वाळूची बैठक करून द्या. गोदीला हे माहीत असणार.

---

मोडीवाचक

दोन दिवस ह्या धाग्याचा विचार करतोय. नगरी_वारा म्हणाले की दंतकथा कुणी कुणाला का दिली ते लिहा. त्याला जोडून एक गोष्ट, जी मला तुमच्या कादंबरीचा कणा वाटते.

१५९६ च्या तहाने युद्ध थांबलं नाही. १६०० मध्ये मुघल परत आले, ह्या वेळी शहजादा दानियाल, आणि बरोबर पुन्हा खानखानान. आत फाटाफूट, रसद नाही, बाहेरून कुमक येण्याची आशा नाही. बिबीने बघितलं की आता किल्ला टिकत नाही, तेव्हा बोलणी करून आतल्या माणसांचे जीव आणि छोटा बहादूर वाचवावा असं तिने ठरवलं. ह्यावर दरबारातल्या एकाने बाहेर येऊन ओरड उठवली की बिबी मुघलांना विकली गेली. जमाव चवताळून आत घुसला आणि तिला मारलं. ज्यांच्यासाठी चार वर्षांपूर्वी ती खिंडारात उभी होती त्यांच्यातल्याच लोकांनी. त्यानंतर किल्ला पडला आणि बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. तिने तेजाबाच्या विहिरीत उडी घेतली ही दंतकथाही तुम्ही ऐकली असेल. मला त्या दंतकथेत लोकांची शरम दिसते. आपण मारलं हे सांगण्यापेक्षा तिनेच उडी घेतली हे सांगणं सोपं.

म्हणजे बघा, नाण्यांची गोष्टही तोंडातोंडीच पसरली आणि "बिबी फितूर झाली" हेही तोंडातोंडीच. एकाच शहराने, एकाच तोंडाने. तुम्ही दंतकथा वापरू की टाकू विचारताय, माझं म्हणणं ती घडताना दाखवा. खिंडारापाशी तांब्याच्या थैल्या तोफेत जाताना गोदीने बघितल्यात. सकाळी पाणवठ्यावर कुणीतरी म्हणतं चांदी होती. आठवड्याने सोनं झालं. गोदीला ते ऐकायला आवडतं, ती स्वतःही एकदा मोहरा होत्या म्हणून सांगते, कारण तिलाही त्या रात्रीला साजेसं काहीतरी हवंय. आणि चार वर्षांनी त्याच पाणवठ्यावर दुसरी बातमी येते आणि तीही तशीच चढत जाते.

---

नगरी_वारा

मोडीवाचक, अंगावर काटा आला. आम्ही लहानपणी फक्त पहिली बातमी ऐकली, दुसरी कुणी सांगितलीच नाही.

---

शाईदौत

मला आता कादंबरी दिसतेय, पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

सोन्याच्या नाण्यांचं प्रकरण काढलं. म्हणजे ते तसंच्या तसं आहे, शब्द न बदलता, पण आता ती घटना नाही, ती गोदीची नात पोरांना सांगतेय, चाळीस वर्षांनंतर. सगळी आतषबाजी, मोहरा, हिरे, बिबीची गर्जना, गडवाट तुम्हाला आवडणारं सगळं तिथे राहिलं. आणि खरी रात्र वेगळ्या प्रकरणात, त्यात टोपल्या, पाचर, खाटांच्या फळ्या आणि तांब्याच्या चार थैल्या ज्या गोदीनेच कोठारातून डोक्यावरून आणल्यात. तलवार एकाच ठिकाणी आहे आणि ती बिबीच्या हातात. रांगेशेजारी उभं राहून ती एकदा तलवारीचं टोक जमिनीला टेकवून तिच्यावर भार टाकते, पाय बदलते, आणि गोदी ते बघते. हाच तिन्हीसांज ताईंचा प्रसंग. परातीखाली वाळूही घातली दादा.

१६०० ची बातमी पाणवठ्यावर येते तेव्हा गोदी गप्प राहते, हे लिहिताना मला फार जड गेलं. तिला माहीत आहे की हे खोटं आहे, तिने बिबीला बघितलंय, पण आजूबाजूला सगळे पेटलेले आहेत आणि कडेवर पोर आहे. ती घागर उचलून घरी जाते. एवढ्या शूर बाईने एवढंसं बोलायचं धाडस केलं नाही हे वाचकाला रुचेल की नाही माहीत नाही पण मला ते खरं वाटतंय आणि मी ते ठेवणार आहे.

एकच अडलंय. शेवटी नात गोष्ट सांगत असते, म्हातारी गोदी बाजूला बसून ऐकत असते. नात म्हणते "आन मग बिबीनं सोन्याच्या मोहरा भरल्या." गोदीने तिला अडवावं की नाही? "तांबं होतं गं" एवढं जरी म्हणाली तरी पोरांची गोष्ट मोडते. आणि गप्प राहिली तर ती दुसऱ्यांदा गप्प राहिली.

---

तिन्हीसांज

अडवू दे. पण नाण्यांवरून नको. नात जेव्हा विहिरीत उडी घेतली म्हणेल तिथे अडवू दे.